‘सिक्युअर’ लिहिलंय म्हणून सुरक्षित? लिनक्सच्या रीडायरेक्ट सेटिंग्जचं चिकित्सक वाचन

पुस्तकात आयसीएमपी रीडायरेक्टला जेमतेम अर्धं पान मिळतं. ‘टाइप ५, कोड ० ते ३’ एवढं पाठ केलं की पेट किंवा नेटच्या पेपरातला एक प्रश्न सुटतो आणि आपण पान उलटतो. संशोधनाला बसल्यावर मात्र प्रश्न बदलतो. रीडायरेक्ट म्हणजे काय, हे तिथं कुणी विचारत नाही. तुमच्या मशीनने तो स्वीकारला का, आणि स्वीकारला तर काऊन स्वीकारला, हे विचारतात.

आज एका छोट्या मजकुराचं परीक्षण करायचं आहे. लिनक्स कर्नलसोबत जे डॉक्युमेंटेशन येतं, त्यात ‘आयपी-सिसकंट्रोल’ नावाची फाइल आहे. नेटवर्कची शेकडो सेटिंग्ज त्यात एकाखाली एक दिली आहेत. त्यातली रीडायरेक्टशी संबंधित चार-पाच सेटिंग्ज घेऊ आणि कर्नलच्या कोडशेजारी ठेवून वाचू. माझं म्हणणं आधीच सांगते: या फाइलमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर बरोबर आहे, पण सगळी एकत्र वाचली तर वाचणाऱ्याची समजूत चुकीची होते. ‘सिक्युअर’ नावाचं एक सेटिंग मुळातच चालू ठेवलेलं आहे, आणि मूळ स्थितीत त्याचा काहीही उपयोग होत नाही.

आधी रीडायरेक्ट काय ते

समजा तुम्हाला चिखलीहून जालन्याला जायचंय आणि तुम्हाला एकच नियम माहीत आहे: कुठंही जायचं तर आधी बुलढाण्याचं एसटी स्टँड गाठायचं. तुम्ही बुलढाण्याला येता. तिथला कंट्रोलर म्हणतो, ‘अहो, जालन्याची गाडी चिखली, देऊळगाव राजा करतच जाते. आलाच आहात तर बसा, पण पुढच्या खेपेला चिखलीतच पकडा.’

रीडायरेक्ट म्हणजे हा सल्ला. यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, कंट्रोलरने तुम्हाला परत पाठवलं नाही, या खेपेला गाडीत बसवलंच. राउटरही पॅकेट टाकून देत नाही, पुढे पाठवतो आणि शिवाय सल्ला देतो. दोन, हा सल्ला तुम्ही ज्याच्याकडे गेला होतात त्यानेच दिला. स्टँडबाहेरच्या कुणी अनोळखी माणसाने दिला असता तर तुम्ही दोनदा विचार केला असता.

आता नेटवर्कमध्ये येऊ. समजा जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये एकाच स्विचवर दोन राउटर आहेत. १९२.१६८.१०.१ इंटरनेटकडे जातो, १९२.१६८.१०.२ दुसऱ्या इमारतीकडे. लॅबमधल्या मशीनला फक्त पहिला गेटवे माहीत आहे. ते दुसऱ्या इमारतीचं पॅकेट पहिल्या राउटरकडे देतं. राउटर आपलं टेबल बघतो. ज्या इंटरफेसवरून पॅकेट आलं, त्याच इंटरफेसवरून ते परत बाहेर काढून .२ कडे द्यायचं आहे. मग तो पॅकेट पुढे पाठवतो आणि मशीनला कळवतो की या पत्त्यासाठी यापुढे थेट .२ कडे जा.

नियम कुठून आले

हा निरोप १९८१ च्या आरएफसी ७९२ मध्ये आला. १९८९ च्या एप्रिलमध्ये स्टीव्हन बेलोविन यांनी टीसीपी/आयपीच्या सुरक्षेवर लिहिलेल्या निबंधात याचा गैरवापर करून वाहतूक दुसरीकडे वळवता येते हे मांडलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आरएफसी ११२२ आलं. त्यात होस्टसाठी नियम असा आहे की रीडायरेक्ट आला तर होस्टने आपली राउटिंगची माहिती बदललीच पाहिजे. सोबत दोन गाळण्या सुचवल्या आहेत: नवा गेटवे त्याच सबनेटवरचा नसेल तर निरोप गुपचूप टाकून द्यावा, आणि निरोप सध्याच्या गेटवेकडून आलेला नसेल तरीही टाकून द्यावा.

इथं शब्दांकडे बघा. माहिती बदलण्याला ‘मस्ट’ आहे आणि गाळण्यांना ‘शुड’. आरएफसी वाचताना या दोन शब्दांतला फरक सोडून दिला तर अर्धा अर्थ सुटतो. स्वीकारणं सक्तीचं आणि तपासणं शिफारशीचं, अशी ही रचना आहे. लिनक्सच्या पुढच्या सगळ्या गुंत्याचं बीज इथं आहे.

पहिली तक्रार: ‘सिक्युअर’

लिनक्समध्ये अ‍ॅक्सेप्ट_रीडायरेक्ट्स हे मुख्य बटण. होस्टवर ते मुळात चालू असतं. त्याखाली सिक्युअर_रीडायरेक्ट्स आहे. त्याचा अर्थ असा: त्या इंटरफेसच्या माहीत असलेल्या गेटवेंपैकीच एखाद्याकडे जायला सांगितलं असेल, तरच निरोप मानायचा. हेही मुळात चालू. वाचून बरं वाटतं, नाही का? कुणीतरी विचार करून ठेवलाय.

पण त्याच नोंदीत एक छोटं वाक्य आहे: शेअर्ड_मीडिया हे सेटिंग याच्यावर मात करतं. मग शेअर्ड_मीडियाची नोंद शोधा. तेही मुळात चालू आहे!

आता कर्नलच्या ‘राउट.सी’ फाइलमधला रीडायरेक्ट हाताळणारा भाग उघडा. तिथं सरळ दोन फाटे आहेत. शेअर्ड_मीडिया बंद असेल तर दोन तपासण्या होतात: नवा गेटवे जुन्याच्याच सबनेटवर आहे का, आणि ‘सिक्युअर’ चालू असल्यास तो माहीत असलेल्या गेटवेंमध्ये आहे का. शेअर्ड_मीडिया चालू असेल तर या दोन्ही तपासण्या वगळून एवढंच बघितलं जातं की नवा पत्ता साधा युनिकास्ट आहे ना. म्हणजे मूळ स्थितीतल्या लिनक्सवर ‘सिक्युअर’च्या फाट्याकडे अंमलबजावणी जातच नाही.

नुकसान इथंच थांबत नाही. सिक्युअर_रीडायरेक्ट्सच्या नोंदीत म्हटलंय की हे बंद केलं तरी आरएफसी ११२२ चे नियम लागू राहतात. पण वर आपण पाहिलं की सबनेटची गाळणी शेअर्ड_मीडिया बंद असेल तरच लागते. मूळ स्थितीत आरएफसी ११२२ ची दुसरी गाळणी, म्हणजे निरोप सध्याच्या गेटवेच्या पत्त्यावरून आलाय का, एवढीच शिल्लक राहते. आणि सोर्स अ‍ॅड्रेस खोटा घालता येतो, हे तुम्हाला माहीत आहेच. नव्या गेटवेने त्याच लिंकवर एआरपीला उत्तर देणं मात्र लागतं, कारण त्याशिवाय कर्नल नोंद करत नाही. पण त्याच स्विचवर बसलेल्या माणसाला ही काही अडचण नाही.

शेअर्ड_मीडिया आलं कुठून? १९९४ च्या आरएफसी १६२० मधून. एकाच भौतिक जाळ्यावर अनेक आयपी सबनेट असतील तर त्यांच्यामधल्या मशीनना थेट बोलता यावं, हा त्यामागचा विचार. ते आरएफसी माहितीपर आहे, मानक नाही. माहितीपर कागदातली एक सोय आज मानकातल्या गाळणीला बाजूला सारते, आणि तीही कुणी न मागता, मुळातच. या मजकुरावर माझी सगळ्यात मोठी हरकत ही आहे.

दुसरी तक्रार: एका सेटिंगच्या तीन जागा

प्रत्येक सेटिंग तीन ठिकाणी असतं: ‘ऑल’, ‘डिफॉल्ट’ आणि इंटरफेसच्या नावाखाली. ‘ऑल’मध्ये शून्य लिहिलं की सगळीकडे बंद, असं नावावरून वाटतं. तसं नाही.

मशीन होस्ट असेल, म्हणजे फॉरवर्डिंग बंद असेल, तर अ‍ॅक्सेप्ट_रीडायरेक्ट्ससाठी ‘ऑल’ आणि इंटरफेस यांपैकी एकही चालू असला तरी रीडायरेक्ट स्वीकारला जातो. फॉरवर्डिंग चालू असेल तर दोन्ही चालू असावे लागतात. म्हणजे होस्टवर ‘अथवा’ आणि राउटरवर ‘आणि’. सिक्युअर, शेअर्ड_मीडिया आणि सेंड_रीडायरेक्ट्स यांना मात्र सगळीकडे ‘अथवा’च. ‘डिफॉल्ट’ तर पुढे येणाऱ्या इंटरफेससाठी. ज्या इंटरफेसला आधीच पत्ता मिळालाय, त्याला ते बदलून लागू होत नाही. चालू मशीनवर ‘ऑल’ आणि ‘डिफॉल्ट’ दोन्ही शून्य करून निर्धास्त झालेला माणूस अजूनही रीडायरेक्ट स्वीकारत असू शकतो.

याहून गमतीची गोष्ट आयपी_फॉरवर्डची. त्याच्या नोंदीत म्हटलंय की हे बदललं की सगळी सेटिंग्ज होस्ट किंवा राउटरच्या मूळ स्थितीला जातात. कोडमध्ये बघितलं तर ‘सगळी’ जात नाहीत. फॉरवर्डिंगची मूल्यं सगळीकडे बदलतात, आणि रीडायरेक्टच्या गटातलं एकच मूल्य उलटं लिहिलं जातं, ते म्हणजे ‘ऑल’मधलं अ‍ॅक्सेप्ट_रीडायरेक्ट्स. फॉरवर्डिंग चालू केलं की ते ०, बंद केलं की १.

याचा परिणाम काय? समजा तुम्ही नीट विचार करून ‘ऑल’मध्ये ० लिहिलं. नंतर एका प्रयोगासाठी फॉरवर्डिंग चालू केलं आणि प्रयोग संपल्यावर बंद केलं. तुमचं ० आता १ झालंय. कुठं इशारा नाही, लॉगमध्ये ओळ नाही. आणि होस्टवर ‘अथवा’ चालत असल्यामुळे आता प्रत्येक इंटरफेस पुन्हा रीडायरेक्ट स्वीकारतो, मग त्याच्या स्वतःच्या नावाखाली ० असलं तरी. डॉक्युमेंटेशनचं वाक्य इथं एकाच वेळी जास्तही सांगतं आणि कमीही. ‘सगळी’ म्हणून जास्त, आणि नेमकं कोणतं ते न सांगून कमी.

तिसरी तक्रार: नाव पुढे पसरतं

सीआयएस बेंचमार्क ही लिनक्स सर्व्हर घट्ट करण्यासाठी जगभर वापरली जाणारी तपासणी यादी. त्यात अ‍ॅक्सेप्ट_रीडायरेक्ट्स शून्य करा असं आहे, ते योग्यच. त्याशिवाय ‘सिक्युअर रीडायरेक्ट स्वीकारले जात नाहीत याची खात्री करा’ असं म्हणून सिक्युअर_रीडायरेक्ट्ससुद्धा शून्य करायला सांगितलंय. यात ‘सिक्युअर’ हा रीडायरेक्टचा एक प्रकार समजलाय आणि तोही नाकारायचाय. कर्नलमध्ये मात्र ती एक अट आहे. अट काढली की दार घट्ट होत नाही, सैल होतं.

अ‍ॅक्सेप्ट खरोखरच बंद असेल तर याने काही बिघडत नाही. पण वरची दुसरी तक्रार आठवा. ते चुकून चालू राहू शकतं. अशा मशीनवर कुणी शेअर्ड_मीडिया बंद केलं असेल, तर ‘सिक्युअर’ ही शेवटची गाळणी होती, आणि यादी पाळणाऱ्याने तीच काढली. एका सेटिंगचं नाव संदिग्ध असलं की त्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक यादीत, स्क्रिप्टमध्ये आणि परीक्षेच्या उत्तरात ती संदिग्धता उतरते.

दुसरी बाजू

परीक्षण करायचं तर चांगलंही सांगायला हवं. २०१२ च्या ३.६ आवृत्तीत लिनक्सने आयपीव्ही४ चा जुना राउटिंग कॅश काढून टाकला. तेव्हापासून रीडायरेक्टची नोंद मुख्य टेबलात न जाता त्या पत्त्यापुरता अपवाद म्हणून राहते आणि ३०० सेकंदांनी तिची मुदत संपते. संपूर्ण नेटवर्कसाठी आलेला रीडायरेक्टसुद्धा एकाच पत्त्यापुरता मानला जातो. पाठवणारी बाजूही संयमी आहे: होस्ट ऐकत नसेल तर राउटर दोन निरोपांमधलं अंतर वाढवत नेतो आणि नऊ निरोप वाया गेले की गप्प बसतो. हे सगळं विचारपूर्वक केलेलं काम आहे.

आणि एक युक्तिवाद तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल: ‘शत्रू त्याच लॅनवर असेल तर तो एआरपीनेच फसवेल, रीडायरेक्टची चिंता कशाला?’ हा युक्तिवाद कमकुवत नाही. पण त्यात एक गृहीतक आहे, की शत्रू लॅनवरच असणार. आयपीव्ही६ मध्ये ते गृहीतक नियमाने पक्कं केलंय: रीडायरेक्टचा हॉप लिमिट २५५ च असला पाहिजे आणि सोर्स लिंक-लोकल असला पाहिजे. एकही राउटर ओलांडून आलेला निरोप तिथं बाद होतो. आयपीव्ही४ मध्ये अशी तपासणी नाही.

२०२२ च्या यूझनिक्स सिक्युरिटी परिषदेत शूवेई फेंग आणि सहकाऱ्यांनी नेमकं याच फटीवर बोट ठेवलं. निरोपासोबत मूळ पॅकेटचा तुकडा परत येतो. तो टीसीपीचा असेल तर कर्नल सीक्वेन्स नंबर चालू खिडकीत बसतो का ते बघतो. यूडीपीला असा क्रमांकच नसतो. जुळणारा सॉकेट सापडला की झालं. त्यामुळे दूर बसलेला हल्लेखोरही सर्व्हरची वाहतूक भलत्याच शेजाऱ्याकडे वळवून ती तिथंच मरू देऊ शकतो. १९८१ च्या निरोपावर एकेचाळीस वर्षांनी शोधनिबंध निघतो, ही गोष्ट ‘या विषयात आता काय उरलंय’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

तुमच्या कामाशी याचा काय संबंध

सुरक्षा हा तुमचा विषय नसला तरी हे लागू पडतं. समजा तुम्ही नेटवर्कचा विलंब मोजताय. तुमच्या मशीनने रीडायरेक्ट स्वीकारला, तर पुढची पाच मिनिटं पॅकेट एका रस्त्याने जातील, मुदत संपली की पुन्हा जुन्या रस्त्याने, मग पुन्हा निरोप आणि पुन्हा नवा रस्ता. तुमच्या आलेखात दोन रस्त्यांचा डेटा मिसळलेला असेल. ‘आयपी राउट’ चालवून बघितलं तर टेबल जसंच्या तसं दिसेल, कारण अपवाद तिथं दिसत नाही. त्यासाठी त्या विशिष्ट पत्त्यासाठी ‘आयपी राउट गेट’ विचारावं लागतं. मग उत्तरात ‘रीडायरेक्टेड’ अशी खूण आणि उरलेली मुदत दिसते. प्रबंधाच्या परीक्षकाने हा प्रश्न विचारला तर उत्तर तयार असलेलं बरं.

हे तपासायला महागडी लॅब लागत नाही. मेहकर असो की मोताळा, लिनक्स असलेला एक लॅपटॉप पुरे. तीन नेटवर्क नेमस्पेस करा, एका ब्रिजला जोडा: एक होस्ट, दोन राउटर. दोन्ही राउटरमध्ये फॉरवर्डिंग चालू ठेवा, आणि लांबचा पत्ता दुसऱ्या राउटरच्या लूपबॅकवर द्या. होस्टचा गेटवे पहिला राउटर. मग होस्टवर चार प्रयोग: शेअर्ड_मीडिया चालू आणि बंद, आणि प्रत्येकात दुसरा राउटर होस्टच्या एखाद्या राउटमध्ये आधीपासून असलेला आणि नसलेला. अ‍ॅक्सेप्ट आणि सिक्युअर चारही वेळा चालूच.

वरचं वाचन बरोबर असेल तर शेअर्ड_मीडिया चालू असताना दोन्ही वेळा निरोप मानला जाईल. बंद असताना मात्र दुसरा राउटर आधीपासून माहीत असेल तरच मानला जाईल. तीन काळज्या घ्या. शेअर्ड_मीडिया बंद करताना ‘ऑल’ आणि इंटरफेस दोन्ही ठिकाणी ० लिहा. नवी नेमस्पेस आयपीव्ही४ ची ही मूल्यं मूळ नेमस्पेसवरून उचलते, म्हणून प्रत्येक मूल्य स्वतः लिहा, ‘मुळात असेलच’ म्हणून सोडू नका. आणि एका पिंगवर निकाल काढू नका: पहिल्या निरोपाच्या वेळी नव्या गेटवेचा एआरपी झालेला नसेल तर नोंद होत नाही, पुढच्या निरोपाला होते. प्रत्येक प्रयोगाआधी नेमस्पेस मोडून नवी करा, नाहीतर आधीचा अपवाद पाच मिनिटं तुमच्या निकालात डोकावत राहील.

हा प्रयोग केल्यावर एक तक्ता मांडा: डॉक्युमेंटेशन काय म्हणतं, कोड काय म्हणतो, मशीनने काय केलं. जिथं तिन्ही रकाने जुळतात तिथं तुम्ही शिकलात. जिथं जुळत नाहीत, तिथं आधी कर्नलची आवृत्ती लिहा आणि मग पुन्हा मोजा. दुसऱ्या खेपेलाही जुळलं नाही, तर डॉक्युमेंटेशनमध्ये दुरुस्ती सुचवण्याइतका मजकूर तुमच्या हातात आहे. कर्नलच्या नेटवर्किंग मेलिंग लिस्टवर कुणालाही पॅच पाठवता येतो, त्यासाठी गाइड मिळायची वाट बघावी लागत नाही. आयपीव्ही६ साठी हाच तक्ता कसा वेगळा येतो, ते पुढच्या पोस्टमध्ये बघू.